बेल कधीही मारा, काका

—दिसतोय ना मी आता? का मागे सरकू थोडा? मघाशी तुला नुसतं नाकच दिसत असणार माझं. मी शामराव गं, समोरचा. तुझ्या या बेलच्या कॅमेऱ्यात नक्की कुठं बघून बोलायचं तेच कळत नाही — देवाच्या मूर्तीला निदान डोळे असतात. हां, येतंय ऐकू. अगदी पलीकडे उभी असल्यासारखं. प्रभादेवीच्या ऑफिसातून एवढं स्वच्छ? कमाल आहे हं.

तर मनवा, झालंय असं की माझं दार लागलं. मी बाहेर, फोन आत, चष्मा आत, शर्टही आत — बनियनवर बोलतोय, सांभाळून घे. जादाची किल्ली तुझ्याकडेच आहे ना? ...संध्याकाळी येशील? अगं, संध्याकाळपर्यंत मी काय इथं — नाही, नाही, नाही! प्रफुल्लला फोन नको करूस! तेवढं सांगायलाच तर बेल मारली. मुलगा आहे माझा, त्याला मी काय घाबरतो? मुळीच नाही. पण गेल्या खेपेला म्हणाला, "बाबा, आता आणखी एकदा असं झालं ना, की हा फ्लॅट भाड्याने देतो आणि तुम्हाला खारघरला नेतो." आणि तो बोलतो तसं करतो, आईवर गेलाय. आणि दुसरीच तर वेळ आहे ही! ...बरं, तिसरी. पण पहिल्यांदा कुलूप नवीन होतं, ती धरायची नाही.

वाऱ्याने लागलं गं. कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला म्हणून आलो — म्हणजे, डबा नव्हता आज. लिफ्ट थांबल्याचा आवाज आला म्हणून बघायला आलो. बघायला म्हणजे काय, चौकशी! त्या टोकाच्या घरात एवढा मोठा खोका कसला चाललाय — टीव्ही आहे, हप्त्यावरच घेतला असणार — शेजाऱ्याची एवढीही विचारपूस करायची नाही माणसाने? इथंच, याच जागेवर आमची चाळ होती ना, तिथं सकाळी उघडलेलं दार रात्री झोपताना लागायचं. दिवसा कोणी दार लावलं तर अख्खा मजला गोळा व्हायचा — काय झालं, भांडण का ताप? इथं सगळं उलटं. मी दार उघडं टाकून बसलो तर वॉचमन वर आला, "अंकल, सब ठीक है ना?" कॅमेरे नव्हते आमच्याकडे. लागतात कशाला? मी होतो ना! शेजारच्या खोलीतल्या शैलाचं कुठं जमलंय ते तिच्या बापाच्या आधी मला ठाऊक. बापाला मीच सांगितलं. पोरगी मग माझ्याशी बोलेना — पण न बोलायलासुद्धा रोज समोर यायची, हे लक्षात घे!

इथं काय? लिफ्टात दोघं शिरले की एक मोबाइलमध्ये बघतो, दुसरा मजल्याच्या आकड्यांकडे. पहिल्यांदा बघताना मला वाटलं, आकड्यावर पैजबिज लावलीय. आणि घरी पोचले की तेच दोघं ग्रुपवर — शुभ सकाळ, गुलाबाचं फूल, हात जोडलेले. गेल्या महिन्यात मी ग्रुपवर टाकलं, ताप आलाय. बावीस जणांनी अंगठा दाखवला. आता हा अंगठा ताप आला म्हणून, का गेला म्हणून? आणि सगळे सांगतात कसे, "बेल कधीही मारा, काका!" मारतो की. बेल वाजते, दार तेवढं उघडत नाही.

...हो, हो, मीटिंग आहे तुझी, उरकतो. मला खारघरला जायचं नाही, एवढंच. वाईट काही नाही तिथं. सूनबाई चांगली आहे — किल्ली गळ्यात अडकवा म्हणते, बालवाडीतल्या पोरासारखी, पण प्रेमाने म्हणते. खोलीही देणार आहेत. पण तिथं मला ओळखतं कोण? आता म्हणशील, इथं तरी कोण ओळखतं? नाहीच ओळखत. पण खाली उतरलो की रस्ता ओळखतो. वाण्याकडे उभा राहिलो की हात आपोआप चहापत्तीकडे जातो त्याचा. तिकडे मला सगळं तोंडाने मागावं लागेल, मनवा. माझं, आता, या वयात—

...हे काय वाजलं?

नाही, माझ्याकडे कुकर नाही लावलेला. मी तर बाहेर आहे. आवाज दाराच्या... तुमच्या ऑफिसात कुकर लावतात?

...

मनवा?

...

बरं. बरं बरं. नाही गं, सॉरी कशाला? मागच्या वेळी नुसती किल्ली न्यायला म्हणून आलो होतो, तो जेवूनच उठलो, नाही का? आणि तुझा तो लॅपटॉप उघडाच होता सगळा वेळ, त्यात चार माणसं वाट बघत होती. मला वाटलं, बातम्या लागल्यात.

ऐक. तू ऑफिसात आहेस आणि मी घरात आहे. प्रफुल्लने विचारलं तर दोघांनी एवढंच सांगायचं. चालेल? मग ती किल्ली दाराखालच्या फटीतून सरकव. नको, नको, दार उघडू नकोस. उघडलंस की मी बोलत बसेन.

...हां. आली. मिळाली.

जा आता, गॅस बारीक कर.