अकरावा हात

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी शिवणकाम करणारी एक बाई आणि तिची नणंद नंबराची वाट बघत बसल्या होत्या.

"वहिनी, दोन वर्षं झाली, सुई दिसत नाही, दोरा सापडत नाही. आज बरी सवड झाली?"

"मालक रजा देत नव्हता गं."

"आता कारखाना तुम्ही अकराजणींनीच घेतलाय ना? मग रजा मागितलीस कुणाकडे?"

"सगळ्यांकडे. काही ठरवायचं झालं की हात वर करायचे. झाडणारीचा हात कापड बेतणारीच्या हाताएवढाच."

"मग तुझ्या रजेला किती हात वर झाले?"

"दहा."

"अकरावी कोण ती? नाव सांग, मी बघते तिच्याकडे."

"अगं, शनिवारी चादरी द्यायच्यात. मी आठ दिवस घरी बसले आणि पहिल्याच महिन्यात काम अडलं तर?"

"म्हणजे तूच?"

"मालकिणीला पुढचं बघावं लागतं."

"जुना मालकही हेच म्हणायचा."

"बाकीच्यासुद्धा तुझ्यासारख्या अश्शाच हसल्या. ऑपरेशन होईपर्यंत मशीनवर बसायचं नाही म्हणाल्या. दहाजणींपुढे एकटीचं काय चालतंय? आले मुकाट्यानं."