अजून जरा हात बसू दे

— नाही नाही मॅडम, सराव पेपर कडक तपासलात म्हणून माझी तक्रार मुळीच नाही, चाळीसपैकी अकरा म्हणजे अकरा, माझी लायकीच तेवढी — आरसा बघा, आधी आरसा, मग इंडिकेटर — हां, आता घ्या — माझं म्हणणं एवढंच, की त्या चौथ्या प्रश्नापुढे तुम्ही लाल पेनाने एकच शब्द लिहिलाय. 'उलट'. बास! पुढे काही नाही. आता उलट म्हणजे काय उलट? दोन दिवस मी त्या शब्दाकडे बघतोय. बायकोला दाखवला, तर ती म्हणते, तुमचं सगळंच उलट असतं, त्यात मॅडमनी नवीन काय लिहिलं? हसताय काय, खरंच अशीच म्हणाली. तिच्याकडून सहानुभूती म्हणून कधी मिळायची नाही मला.

हो, हो, ठरलंय ना आपलं, गाडीत स्टॅटिस्टिक्स काढायचं नाही. तुम्हीच ठरवलंत, मी मानही डोलावली होती. पण मॅडम, आज शनिवार, सोमवारी पेपर, जीव नुसता टांगणीला लागलाय माझा, आणि तुम्ही माझ्या शेजारी दीड हातावर बसलेल्या — आता विहिरीशेजारी बसून माणसाने तहानलेलं राहायचं का? तुम्हीच सांगा. गंमतच आहे बघा आपली. सकाळी सातला तुम्ही माझ्या गाडीत शिकाऊ, संध्याकाळी सहाला मी तुमच्या वर्गात शिकाऊ. गाडीत मी सर, वर्गात मी मागच्या बाकावरचे काका. त्या वर्गातल्या तीन पोरांना तर मीच गाडी शिकवलीय, ती माझ्याकडे बघून अशी हसतात ना — सायकल, सायकल! — बघितलीत, शाबास. त्या बाईंना आधी जाऊ दे. त्यांना घाई आहे, आपल्याला नाही.

खरं सांगू का, राग मानू नका हं, वर्गात तुमचं मला काही म्हणजे काही कळत नाही. सगळं डोक्यावरून जातं. वर्गात तुम्ही फळ्याशी बोलता. गाडीत माझ्याशी बोलता, हा फरक आहे. सरासरी मला कळली त्या गोल चौकात. स्टँडर्ड डेव्हिएशन कळलं पाण्याच्या टाकीपाशी — आठवतं ना? मी तुम्हाला आमच्या त्या पेन्शनर काकांचं सांगितलं, ज्यांचा सरासरी वेग अगदी नियमातला चाळीस, पण कसा, तर एकदा ऐंशी नि एकदा शून्य, आणि शून्य कुठे, तर दिव्याच्या खांबावर — आणि तुम्ही म्हणालात, हेच! सरासरी सारखी असली तरी माणसं सारखी नसतात, पसरलेली किती आहेत ते बघावं लागतं. असा आनंद झाला मला! घरी जाऊन बायकोला सांगितलं, ती म्हणाली, ते काका पसरले होते खरे, पायाला प्लास्टर होतं. आणि ती नॉर्मल कर्व्ह तर तुम्ही समोरच्या काचेवर वाफ धरली होती त्यातच बोटाने काढून दाखवलीत. इतकी सुरेख! मी पुसूच दिली नाही, दिवसभर घंटेसारखी काचेवर, पुढचे शिकाऊ विचारायचे, सर हे काय? मी म्हणायचो, नॉर्मल आहे, तुम्ही पुढे बघा. आता त्या नादात तुमची आईकडे जायची सकाळची बस चुकली गेल्या शनिवारी, ते मात्र वाईट झालं. फार वाईट झालं. आई वाट बघत बसल्या असतील.

कशा आहेत आता आई? वॉकर घेऊन दारापर्यंत येतात? वा! खुब्याचं ऑपरेशन म्हणजे खायचं काम नाही, आमच्या आत्याने तर अंथरूणच धरलं होतं. शेजारच्या बाई येऊन-जाऊन असतात म्हणालात ना? तरी, आपलं माणूस ते आपलं माणूस. दोन बस बदलून, घाट चढून, तिथे पोचेपर्यंत परतीची वेळ — मला कळतं, मॅडम. पहिल्या दिवशीच म्हणाला होतात तुम्ही, सर, मला हौस म्हणून नाही शिकायचं, मला आईकडे जाता-येता यायला हवं. होईल हो, सगळं होईल. टेस्ट काय पळून जातेय? मी 'तयार' म्हटलं की आमची ड्रायव्हिंगची शाळा दुसऱ्या दिवशी तारीख घेते. अजून जरा हात बसू दे, एवढंच. घाट आहे तो, वळणावळणाचा, खेळ नाही. आणि जादाच्या धड्यांचे मी तुमच्याकडून पैसे घेतलेत का? नाही ना? शाळेत सगळे म्हणतात मला, काय भला माणूस आहे.

क्लच पूर्ण दाबा — हां. मला काय म्हणायचंय, या पेपराचं माझ्यासाठी काय आहे, ते तुम्हाला माहीत नाही. तुम्हाला वाटत असेल, म्हातारपणी सुचलेली थेरं. मुलीने फॉर्म भरला माझा, ती नोकरीला लागली परगावी, जाताना म्हणाली, बाबा, दिवसभर लोकांना शिकवता, आता स्वतः शिका. मी आपला हो म्हणालो. पण तिला ठाऊक नाही, की मी कॉलेजात एकदा जाऊन आलेला माणूस आहे. एकोणिसाव्या वर्षी. पहिलंच वर्ष, आणि हाच विषय, आणि दांडी गुल. वडिलांनी दुसऱ्या दिवशी सरळ गॅरेजात नेऊन उभं केलं मला. म्हणाले, हा तिथे चालत नाही, इथे चालतो का बघा. आता गाडी मला जमली, देवाच्या दयेने चांगली जमली, पण ते वाक्य काही डोक्यातून जात नाही बघा. त्यात आमचे साडू. बँकेत मॅनेजर. परवा जेवताना म्हणतात, काय मग, प्रोफेसर? आणि हसले. बायकोही हसली. मीही हसलो, काय करणार? आणि ताट तसंच ठेवून उठलो. या खेपेला हा एक विषय सुटला की मी दुसऱ्या वर्षात, नाही सुटला तर घरी. पुन्हा फॉर्म भरायची हिंमत माझ्यात नाही, हे मी तुम्हाला म्हणून सांगतो.

तर तो चौथा प्रश्न. हा सिग्नल आहे तोवर, हा काही गाडी चालवणं नव्हे, थांबलोयच आपण. मी काय लिहिलं? की पी-व्हॅल्यू म्हणजे नल हायपॉथेसिस खरी असण्याची शक्यता. ऐकायला बरोबर वाटतं की नाही? अर्ध्या वर्गाने तेच लिहिलंय, मी विचारलं पोरांना. — काय? उदाहरण घेऊन बघू? घेऊ की! फक्त नाण्याचं नको, नाण्याचा मला वीट आलाय, इतकं नाणं आयुष्यात उडवतो कोण? — गाडीचं? तुमचंच? बरं, तुमचंच घेऊ, हिरवा झाला, सोडा हळू — वा, लोण्यासारखी सोडलीत.

हां. तर नल काय? नल म्हणजे नवीन काही नाही, होतं तसंच आहे. मॅडमना गाडी येत नाही. राग नको, गृहीत आहे नुसतं. आता पुरावा. पुरावा असा, की कारखान्यासमोरच्या चढावर, मागे ट्रक नाकाला नाक लावून उभा असताना, तुम्ही गाडी सोडता आणि ती बोटभरही मागे येत नाही. एकदा नव्हे, रोज. रिव्हर्समध्ये दोन गाड्यांच्या मधे तुम्ही पहिल्या झटक्यात लावता, आमच्या शाळेतल्या एका मास्तराला जमत नाही तसं, नाव नाही घेत. गाडी बंद पडल्याचं मला आठवतही नाही. आणि माझ्या पायाशी जो जादा ब्रेक आहे ना, त्याला गेला महिनाभर माझा पाय लागलेला नाही. मी तर हल्ली चपला काढून मांडी घालून बसतो. हे बघा, आत्ताही बसलोय! हा झाला पुरावा. मी काय विचारत होतो? हा पुरावा बघून, गाडी न येण्याची शक्यता किती? आणि तुम्ही म्हणता उलट. उलट म्हणजे… थांबा हं. थांबा, थांबा — गाडी नका थांबवू, मी मला म्हणतोय! — उलट म्हणजे, न येणं आधी धरून चालायचं! ते मोजायचंच नाही, ते मानायचं! आणि मग विचारायचं, की जिला गाडी येतच नाही, तिच्या हातून असा अख्खा महिना निघण्याची शक्यता किती? असंच ना? असंच! अहो, शक्यता कसली, तिने तर एव्हाना चार खांब पाडले असते! जवळजवळ शून्य! आणि पुरावा तर डोळ्यांसमोर आहे, तो काही टाकता येत नाही, मग टाकायचं काय? गृहीत टाकायचं! मॅडमना गाडी येत नाही, हे फेकून द्यायचं! च्यायला — माफ करा — मॅडम, कळलं! मला कळलं! तीस वर्षांनी कळलं! जिला येत नाही तिच्या हातून असं होणं शक्यच नाही, म्हणजे तुम्हाला गाडी महिन्याभरापासून —

हां.

म्हणजे… उदाहरण आहे. उदाहरण म्हणून म्हणत होतो मी.

मॅडम, काहीतरी बोला. असं नुसतं समोर बघू नका. म्हणजे समोर बघा, रस्ता आहे, पण बोला. हे बघा, हात बसायला वेळ लागतो, आणि तुमचा… तुमचा बसला होता. हो. बसला होता. काय सांगू तुम्हाला, दर सोमवारी ठरवायचो, आज सांगतो, आज सांगतो. आणि मग वर्गात बसलो की डोळ्यांपुढे अंधारी, आणि वाटायचं, या मॅडम टेस्ट पास झाल्या की गेल्या, मग मला कोण सांगणार? अजून एक आठवडा, अजून हे एक प्रकरण. तुम्ही परीक्षकासमोर पहिल्या दिवशी पास झाला असतात, ते मला माहीत होतं. लाज वाटते आता. खरंच सांगतो, फार लाज वाटते. तुमची आई तिथे दारात, आणि मी इथे काचेवर घंटा काढून घेतोय.

एक सांगा. उदाहरण तुमचंच घेऊ म्हणालात, ते… तुम्हाला संशय आला होता का? केव्हापासून? — बरं, नका सांगू.

डावीकडे घ्या आता. डावीकडे — अहो, शाळा डावीकडे, गेली ती. हरकत नाही, पुढच्या चौकातून वळू. इंडिकेटर… मॅडम, हाही चौक गेला. मॅडम? हा रस्ता बाहेर पडतो, पुलावरून थेट — हो, माहीत आहे तुम्हाला. असणारच. अहो, पण सव्वाआठचा शिकाऊ दारात उभा असेल, गाडी शाळेची आहे, मी बायकोला सांगितलेलं नाही, सोमवारी माझा पेपर —

बरं. बरं. नाही म्हणत काही. शिकाऊ माणसाशेजारी शिकवणारा बसलेला हवा, कायदाच आहे, बसतो. दिवसभर बसतो. शाळेला कळवतो, गाडी आज येत नाही म्हणून. स्टॅटिस्टिक्सचं अक्षर काढत नाही, बघा तुम्ही. पुलावर वारा असतो, स्टेअरिंग दोन्ही हातांनी… धरलंयत. धरलंयतच.

आईंना कळवलंय का? नाही? अहो, दुपारच्या बसच्या हिशेबाने बसल्या असतील त्या. नाही, फोनला तुम्ही हात लावायचा नाही, नजर रस्त्यावर, एवढं तरी माझं ऐका. मी लावतो. 'आई' नावानेच आहे ना? लावला.

हॅलो? नमस्कार, आई. नाही, मॅडम नाही बोलत, घाबरू नका, ठणठणीत आहेत, गाडी चालवताहेत म्हणून मी लावला. मी? मी त्यांना गाडी शिकवतो तो. हो. हो, तोच मी, 'अजून जरा हात बसू दे' म्हणणारा. — अहो नाही, बसने नाही, आम्ही पुलाच्या पलीकडे आलो, जेवायच्या आत पोचतो. — एकट्याच चालवताहेत, मी नुसता बसलोय. चांगली चालवतात, आई. फार चांगली चालवतात. — काय म्हणालात?

केव्हापासून येते?

महिना झाला, आई. महिना झाला.