छक्कीसमोर एकोणीस

...नाही, पण मी म्हणतो, मला कोणी विचारलं होतं का? सांगा ना! बाई आपली शांतपणे खेळत होती, पत्ते तिचे, पैसे तिचे, डोकं तिचं, आणि मी मधेच... शी! अजून आठवलं की कान गरम होतात हो!

तुम्हाला सांगतो, बावीस वर्षं मी याच लास वेगासमध्ये ब्लॅकजॅकचे पत्ते वाटलेत. टेबलाच्या पलीकडं उभं राहून! कुठल्या पत्त्यांवर काय करायचं, तो अख्खा तक्ता मला तोंडपाठ. मी झोपेत असताना बायकोनं, ‘मर्ल, बारा आहेत, समोर तिर्री!’ असं म्हटलं, तर घोरणं न थांबवता मी ‘पत्ता घे’ म्हणायचो. आता रिटायर होऊन चौदा वर्षं झाली, पण माज? माज काही रिटायर होत नाही.

तर आमच्या कोरिनचं लग्न. मुलगा एल्को गावचा, नाव बेन्यात, मेंढ्यांच्या धंद्यातली माणसं. त्याची आई ग्रासियान, म्हणजे माझी व्याहीण, आदल्या दिवशी सात तास गाडी चालवून आली. चहा घेतला आणि म्हणाली, “चला की, थोडं पत्ते खेळू.” झालं! गाडीत बसल्यापासून माझं प्रवचन सुरू. असं करायचं, तसं करायचं नाही, घाबरायचं नाही... ती प्रत्येक वाक्याला “हो का?” एवढंच. मला वाटलं, केवढा प्रभाव पडतोय! मागं बसलेली कोरिन दोनदा म्हणाली, “बाबा, त्यांना खेळता येतं.” पण ऐकतोय कोण?

आता खेळ तो केवढा! एकवीसच्या जवळ जायचं, पुढं गेलात की फुटलात. डीलरचा, म्हणजे पत्ते वाटणाऱ्याचा, एक पत्ता उघडा, एक पालथा. एक्का एकही धरता येतो, अकराही. आणि डीलरला अक्कल चालवायची मुभा नाही, सतरा झाले की त्यानं थांबायचं. आमच्या टेबलावर सतरा म्हणजे सतरा! त्यात अकराचा एक्का असो नाहीतर नसो.

व्याहीणबाईंना आले एक्का आणि अठ्ठी. एकोणीस! समोर डीलरची छक्की. अहो, एकोणीस आल्यावर माणूस काय करतो? हात बांधून बसतो! आणि या बाईनं, कुठला आवाज नाही, गडबड नाही, पैजेशेजारी तेवढीच दुसरी पैज सरकवली. म्हणजे पैज दुप्पट आणि नवा पत्ता एकच! मी ओरडलोच, “अहो, एकोणीस आहेत! एकोणीस कोणी मोडतं का?”

“मोजता येतात मला,” ती म्हणाली.

आणि मी... आता हे सांगताना तुमच्याकडं बघवत नाही... मी सरळ हात घालून तिच्या नव्या पैजेच्या चिपा मागं ओढल्या. बावीस वर्षं ज्यासाठी गिऱ्हाइकांना झापलं, तेच! ऑफेलिया म्हणून साठीची डीलर होती, तिचा आवाज असा चढला, “साहेब! ज्याची पैज त्याचाच हात!” सगळं टेबल बघायला लागलं. व्याहीणबाईंनी माझ्याकडं पाहिलं, माझ्या मुलीकडं पाहिलं आणि म्हणाल्या, “राहू द्या. एकोणीसच ठेवते.” कशासाठी? उद्या लग्न आहे म्हणून! आणि मला काय वाटलं? पटलं त्यांना!

ऑफेलियानं पालथा पत्ता उलटला. एक्का. “सतरा!” मी टाळी वाजवली. “जिंकलात!” तर ऑफेलिया आणखी एक पत्ता काढतेय! मी म्हटलं, “बाई, थांबा, सतरा झाले!” तिनं माझा ग्लास उचलून बाजूला ठेवला. खाली हिरव्या कापडावर ठसठशीत छापलेलं: एक्का अकरा धरून सतरा झाल्यास डीलर पत्ता घेईल. तासभर मी त्यावर ग्लास ठेवून ज्ञान वाटत होतो!

नियम बदलला, की तक्ताही दोन-चार ठिकाणी बदलतो हो. छक्कीखाली एक्का निघाला तरी डीलरला पुढं ओढावंच लागतं, फुटायची शक्यता वाढते, म्हणून तिथं एक्का-अठ्ठी दुप्पट करायची. थोडासाच फरक, पण बाई बरोबर होती! एल्कोला जन्मभर याच नियमानं खेळलेली. आणि मला कोणी विचारलं होतं का?

ऑफेलियाला आली चौकी. एकवीस. व्याहीणबाई हरल्या. ती चौकी दुपटीत त्यांना गेली असती, पुढं काय झालं असतं देव जाणे. पण मागं कोरिनशेजारी बेन्यात उभा होता, तो ओरडला, “आई, वाचलीस! दुप्पट गेले असते! बाबांमुळे वाचलीस!”

तेव्हा बोलायला हवं होतं. मी काय बोललो? “अनुभव आहे, बाळा.” असं म्हणालो मी! ऑफेलियानं पत्ते गोळा करता करता माझ्याकडं असं बघितलं... व्याहीणबाई नुसत्या पर्स बंद करत होत्या.

दुसऱ्या दिवशी लग्नाच्या जेवणात, समोर मटणाची पातेली, आणि बेन्यात ग्लास घेऊन उभा, “माझ्या सासऱ्यांनी माझ्या आईला वाचवलं!” टाळ्या! शंभर माणसं! घास ताटातच ठेवला. उठलो. म्हटलं, आता सांगायचंच. “मंडळी, चूक माझी होती. टेबलाचा नियम वेगळा होता. नरम सतरा म्हणजे एक्का अकरा धरून झालेले...” आणि समजवायला लागलो. दहा मिनिटं! लोकांना वाटलं, म्हातारा फुशारक्या मारतोय. आणखी टाळ्या. कोरिन कोट ओढतेय, “बाबा, पुरे!” खाली बसलो. व्याहीणबाई शेजारीच. मी पुटपुटलो, “माफ करा.” त्यांनी माझ्या ताटात मटण वाढलं. “ऐकलं मी,” म्हणाल्या. “जेवा आता.”

एवढ्यावर सुटलो असतो, पण त्यांचा भाऊ पेयो आला, पेन आणि कागदी रुमाल घेऊन. “व्याही, आम्ही अकराजण आज खेळायला निघालोय. ते तुमचं सगळं लिहून द्या.” म्हटलं, चला, निदान यांचं तरी भलं करू. लिहिलं: बसण्याआधी टेबलावरचा नियम वाचा.

पेयोनं वाचलं, खोडलं आणि रुमाल परत माझ्यापुढं सरकवला. “हे नको हो. तुमचा अनुभव लिहा.”