एका हाताने उघडणारं झाकण

इंजिनीअर : नाही सर, ठेवू नका फोन! एवढंच सांगा, दोनशे सतरा नंबरची अट तुम्ही का लिहिलीत?

सर : अहो बाई, मला निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली. काल भाजीची पिशवी कुठे ठेवली ते आठवत नाही, आणि तुम्ही दोनशे सतरा विचारताय!

इंजिनीअर : वाचून दाखवते. 'सैनिकाच्या पाठीवरच्या वायरलेस संचाचं बॅटरीचं झाकण एका हाताने उघडता आलं पाहिजे, कोणत्याही हाताने.' खाली सही तुमची.

सर : आणि हे फोनवर बोलायची परवानगी आहे वाटतं? संरक्षणाचं काम आहे म्हटलं.

इंजिनीअर : गुपित असलंच तर झाकणाखाली असेल. मी फक्त झाकणाचं विचारतेय.

काकू : अहो, कोण आहे? स्पीकरवर टाकलात म्हणून विचारते.

सर : माझ्या जुन्या खुर्चीत बसलेली नवी सिस्टिम्स इंजिनीअर. काय हो, करकरते का खुर्ची अजून?

इंजिनीअर : करकरते. नमस्कार काकू. सर, विषय बदलू नका. चार वाजता बैठक आहे, नव्या संचाची. प्रत्येक अटीपुढे कारण लागतं, कुणी मागितली, कशासाठी मागितली. आठशे चाळीस अटी आहेत. रकाना कोरा आहे तो फक्त तुमच्या या एकीचा.

सर : मग काढून टाका. ब्याद गेली.

इंजिनीअर : सगळे तेच म्हणतायत. ही अट गेली की झाकण साधं करता येतं, वजन सव्वाशे ग्रॅमनी उतरतं. चारला मीच सही करून काढायचीय.

सर : मग घोडं कुठे अडलंय?

इंजिनीअर : तुम्ही लिहिलेल्या बाकीच्या अटी वाचल्या मी. एकेकीपुढे पानभर कारण. स्क्रूच्या रंगालासुद्धा कारण दिलंय! असा माणूस रकाना भरायला विसरत नाही. मुद्दाम सोडतो.

काकू : पोरगी हुशार आहे हो.

सर : तू तिला आणखी चढव.

इंजिनीअर : डावखुऱ्यांसाठी होती का?

सर : नाही.

इंजिनीअर : मग हातमोज्यांसाठी? थंडीत बोटं आखडतात म्हणून?

सर : छे, त्याची अट वेगळी आहे. दोनशे नऊ.

इंजिनीअर : बघा! आणि भाजीची पिशवी आठवत नाही म्हणे!

सर : पकडलंस गं. बरं, समोर काय आहे तुझ्या?

इंजिनीअर : दोन्ही संच. तुमचा जुना आणि नवा नमुना. मोबाइल फाटकावरच जमा करावा लागतो, म्हणून टेबलावरच्या फोनवरून बोलतेय. उजव्या हातात रिसीव्हर आहे.

सर : तो सोडू नकोस. डाव्या हाताने जुनं उघड.

इंजिनीअर : अंगठ्याने खटका ओढला... उघडलं.

सर : आता नवं.

इंजिनीअर : याला दोन बाजूंना दोन खटके आहेत, एकदम दाबायचे. एक दाबला की दुसरा... टेबलाच्या कडेला टेकवून बघते. अंहं. रिसीव्हर खांद्यात धरू?

सर : खांदाबिंदा काही नाही. एक तर रिसीव्हर सोड, नाहीतर झाकण.

इंजिनीअर : मग एक मिनिट हं.

(रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज.)

सर : हॅलो? ... हॅलो? ... अगं, हॅलो?

इंजिनीअर : उघडलं! आले, आले. ऐकू येत होतं मला, पण दोन्ही हात गुंतले होते. चार-पाच सेकंद लागले, बस. सर? ... सर, आहात ना?

काकू : पाणी पितायत गं ते. अहो, सांगून टाका तिला. किती वर्षं एकट्याने उरावर बाळगणार?

सर : ऐक. त्या जुन्याच्याही आधीच्या संचाला असंच झाकण होतं. मीच पास केलेलं. एक वायरलेसवाला सैनिक चाचणीसाठी आला होता. चहाच्या सुट्टीत म्हणाला, साहेब, याला दोन हात लागतात. मी म्हटलं, मग? देवाने दोनच तर दिलेत! आणि हसलो. अजून लाज वाटते त्या हसण्याची.

इंजिनीअर : तो काय म्हणाला?

सर : म्हणाला, माझा एक गुंतला होता. मित्राच्या मांडीवर. त्या हाताने जखम दाबून धरली होती. तेवढ्यात बॅटरी संपली. दुसरी घातल्याशिवाय मदत मागवता येईना. म्हणून हात उचलला. चार-पाच सेकंद, म्हणाला.

इंजिनीअर : आणि मदत?

सर : आली. मित्र राहिला नव्हता. डॉक्टर म्हणाले, तो तसाही वाचला नसता. पण हे त्याला कोण पटवणार?

इंजिनीअर : अहो सर, मग हे लिहायला हवं होतं! एवढं सबळ कारण असताना...

सर : हात जोडले गं त्याने माझ्यापुढे. मित्राची आई त्याला पोटच्या पोरासारखं मानते. 'शेवटपर्यंत तुझा हात होता त्याच्यावर', एवढ्या एका वाक्यावर ती बाई दिवस काढतेय. कागद काय, आज ना उद्या कुणाच्याही हाती लागतो. म्हणून अट लिहिली आणि रकाना कोरा ठेवला. वरच्यांनी विचारलं, तर म्हटलं, माझी लहर.

इंजिनीअर : मी नाव विचारत नाही.

सर : मी सांगणारही नव्हतो.

काकू : पण आता हिने लिहायचं काय? कोरं ठेवलं तर काढतीलच ना?

सर : काढतील. कारण नाही तर अट नाही. तो नियम मीच केलाय, कर्म माझं!

इंजिनीअर : पावणेचार झाले. थांबा जरा... लिहितेय.

काकू : काय लिहिलंस गं? वाच की.

इंजिनीअर : आजची तारीख, माझं नाव. 'नवा नमुना स्वतः तपासला. उघडण्यासाठी हातातलं खाली ठेवावं लागलं. तेवढ्या वेळात पलीकडच्या माणसाने तीनदा हाक मारली.'