चोवीस आठवडे झाले की या

...आणि वर मलाच विचारतात, "आल्फे, एवढा का चिडलास?" चिडू नको तर काय करू? पोटुशी बाईची साखर कधी तपासायची, एवढा साधा प्रश्न! पण तुम्हाला सांगतो, आमच्या न्यू ब्रन्सविकच्या किनाऱ्यावर कोळ्यापासून पाद्र्यापर्यंत ज्याला विचाराल त्याचं उत्तर तयार... "चोवीस आठवडे झाले की!"

आमच्या ओडेटला दुसऱ्यांदा दिवस गेले. पहिला आमचा रेमी, जन्मला तोच दहा पौंडांचा! खांदा अडकला, धावपळ, ओडेट पांढरीफटक, मी भिंतीला टेकलेला... तो तिचा चेहरा काही डोळ्यांसमोरून जात नाही. त्यात तिच्या आईला, म्हणजे आमच्या सासूबाई एक्सेल्दांना मधुमेह. म्हणून ओडेटने सुरुवातीलाच दवाखान्यात फोन केला, "माझी साखर आत्ताच बघा." पलीकडची बाई नाकातून म्हणते, "चोवीस आठवडे झाले की याऽऽ." आणि फोन ठेवला!

सासूबाई काकवीचा केक कापता कापता म्हणाल्या, "आमच्या वेळी नव्हती बाई ही थेरं!" अहो, तुमच्या वेळी कुणी तपासलीच नाही, मग सापडणार कुठून? मी हे मनातच म्हटलं. तोंडात केक होता.

ओडेट मात्र हट्टी. दवाखान्यात जाऊन खुर्चीत बसली ती उठेचना! मी आपला दारात टोपी चुरगाळत उभा. शेवटी नर्स तेरियोबाई बाहेर आल्या, आधीचं बाळ केवढं, आईला साखर आहे का, सगळं ऐकलं आणि काउंटरकडे गर्रकन वळल्या, "हिला चोवीस कुणी सांगितलं? जिला धोका जास्त, तिची पहिल्याच भेटीत बघायची! साखर आधीपासूनच असली तर?"

रक्त घेतलं. ठीक निघालं. सुटलो! सासूबाईंनी आणखी एक केक भाजला.

सुटलो कसले! शेवंडीचा हंगाम उघडायला एक रात्र उरलेली, अख्खं बंदर बोटींवर पिंजरे रचतंय, चांगली जागा पहिला पोचेल त्याची... आणि तेरियोबाईंचा फोन! "उद्या सकाळी या. चोवीस आठवडे झाले."

"अहो बाई, ती पास झालीय!"

"ही काय शाळा आहे? पोटात बाळाची वार वाढते तशी साखर आवरायला शरीर कमी पडतं. तेव्हा नव्हती, आता असू शकते."

"शेवंडी थांबतात का माझ्यासाठी?"

"बाळ थांबतं का?"

ओडेट म्हणाली, "जा तू समुद्रावर. आई नेईल मला गाडीने." सासूबाई? गाडीने? गेल्या नाताळात चर्चच्या पायऱ्यांवर चढवली होती त्यांनी गाडी! झक मारत बोट चुलतभावाच्या हवाली केली.

दवाखान्यात तपासणीआधी प्यायचं ते नारिंगी पाणी... पाणी कसलं, नुसता पाक! ओडेटने डोळे मिटून ढोसलं. मग तासभर बसा, तेव्हा कुठे रक्त घेणार. खिडकीतून एकेक बोट निघताना दिसतेय आणि मी एकेकाला नाव घेऊन शिव्या घालतोय. निकाल काय? साखर वाढलेली! पुन्हा बोलावून पक्की तपासणी केली, तरी वाढलेलीच. ओडेट हळूच म्हणते, "आल्फे, परत तसंच होणार का रे?"

तुम्हाला सांगतो, शेवंडी, जागा, चुलतभाऊ, सगळं डोक्यातून साफ गेलं. तेरियोबाईंनी तिचा हात धरला, "वेळेवर सापडलीय पोरी. आता आपण लक्ष ठेवू."

मग काय! बोटाला सुई, ताटाला मोजमाप, जेवण झालं की फेरी. केक बंद! सासूबाई आठवडाभर फुरंगटून बसल्या, मग त्याही लेकीबरोबर चालायला लागल्या... वाटभर कुरकुरत.

ऑगस्टात मुलगी झाली. सात पौंडांची, खांदे-बिंदे सगळं सुरळीत, आणि आवाज असा की बंदरावरचे पक्षी उडावेत! मी रडलो. हो, रडलो, मग? डोळे पुसतोय तोवर भेटायला आलेल्या तेरियोबाई म्हणतात, "सहा आठवड्यांनी ओडेटला परत आणा. साखर बघायला."

"आता कसली साखर? बाळ बाहेर आलं!"

"बाळ आलं, पण साखर गेली का, ते नको बघायला? पुढेही अधूनमधून बघावी लागेल. आणि पुढच्या खेपेला तर दिवस राहायच्या आधीच या."

पुढची खेप! मी हसलो, चांगला खो खो हसलो, ओडेटकडे वळून म्हटलं, सांग गं यांना!

ओडेट मुलीचं टोपडं सारखं करत म्हणाली, "बघू."

'नाही' नाही म्हणाली हो... "बघू"! मी मुकाट्याने तेरियोबाईंना विचारलं, "कधी येऊ?"