उजव्या खांद्याचा मान

आमी भाजे गावचे. बाप वलवणच्या धरणाला दगड वाहून वाहून लवकर खचला. जमीन म्हणाल तर दोन खाचरं, पण चैत्रात बहिरोबाच्या पालखीचा पुढचा दांडा उजव्या खांद्यावर घ्यायचा मान आमच्या घराचा, आन त्या मानाच्या पायीच मी माझं वाटोळं करून घेतलं, काय सांगू तुम्हाला.

मळवलीच्या ठेसनावर तवा शेठलोक उतरायचे. त्यांना लेणी बघायची असायची, पाय वापरायचे नसायचे. मग आमी. खुर्चीला दोन बाजूंनी वासे बांधायचे आन चौघांनी उचलायचं. शंभर पावलं झाली की मागचा हाक देतो, खांदा बदल, की सगळ्यांनी थांबायचं, उजव्याचं डाव्यावर घ्यायचं. एवढा साधा कायदा, पण मी पडलो शहाणा. मी बदलायचोच न्हाई. म्हटलं पालखीसाठी उजवा खांदा कसा दगड झाला पायजे. लिंबाएवढा घट्टा पडला तर सदरा खाली करून ठेसनावर दाखवत फिरायचो. बायको म्हणायची, बैलाच्या मानेवर बी असतो तसला, तो न्हाई कुणाला दाखवत.

हात वर नेला की आत कट् वाजायचं, पटका बांधताना डोळ्यात पाणी यायचं. माझा चुलतभाऊ किसन मागच्या वाशाला असायचा, तो म्हणायचा, दादा, आता तरी बदलत जा. मी म्हणायचो, तू तुझं बघ.

मग एक दिवस पायऱ्यांवर किसननं हाक दिली, तिघं थांबले, आन मी आपला चाललोच. खुर्ची कलली, शेठ घसरला, मी हात लांब करून वासा धरला, आन खांदा निखळून हात खाली लोंबायला लागला. मी कळवळतोय, आन शेठ म्हणतो, डब्यातले लाडू सांडले का बघ. ते लाडू आठवले की आज बी माझं टाळकं फिरतं.

कामशेतचा हाडवैद आला. बगलेत टाच रोवून हात ओढला, खटकन बसवला. म्हणाला, तीन आठवडे बांध, मग रोज भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा, दुखलं तरी न्यायचा. ऐकीन तर मी कसला. मी चार म्हैने बांधला. म्हटलं चैत्रात पालखी उचलायची हाय, जितका बांधू तितका पक्का बसंल. लोणच्यासारखा मुरवला. फडकं सोडलं तर हात छातीच्या वर जाईना, पाठीमागं वळंना, अख्खा सांधा धरलेला.

पालखीच्या दिवशी मला दांडा उचलता येईना. गावकरी म्हणाले, डाव्या खांद्यावर घे, देवाला चालतंय. मी भडकलो, उजव्याचा मान डाव्यावर घ्यायला मी काय खुर्चीचे वासे वाहतोय का, म्हणालो. शेवटी किसननं घेतला. त्या दिसापासून मी किसनशी बोललो न्हाई, दहा-बारा वर्सं. चूक माझी, राग त्याच्यावर.

औंदाच्या चैत्रात देवळाच्या चढाला बघतो तर किसनचं तोंड वाकडं झालेलं, खांदा खाली गेलेला, तरी दांडा सोडंना. अगदी माझंच सोंग. माझ्या डोक्यात तिडीक गेली. ठेसनावरच्या आवाजात वरडलो, खांदा बदल. अख्खी पालखी जागच्या जागी उभी. किसन म्हणाला, बदलायला माणूस कुटं हाय, दादा.

गेलो. डावा खांदा दिला.

आता त्या खांद्याची गत ऐका. जन्मभर कोरा ठेवलेला डावा, देवळाच्या दारात पोचेस्तोवर सोलून निघाला. उजवा हात तिथवर पोचत न्हाई, म्हणून खोबरेल बायको लावती, आन चोळताना पोटभर शिव्या देती. देऊ दे. बहिरोबा किसनला सुखी ठेवो. पण पुढल्या चैत्रात शंभर पावलांच्या वर एक पाऊल त्यानं वढलं, तर मी हाय आन तो हाय.