बाबांनी मिक्सर दुरुस्त केला

नाही, पण मला सांगा, ज्या मिक्सरनं पोटच्या पोराची दोन बोटं चावली, त्याला कुणी तेलपाणी करतं का? आमच्याकडे करतात! लाडानं करतात! ही बघा, उजव्या हाताची ही दोन... वाकतच नाहीत. साधी वेळ विचारायला गेलो तरी समोरच्याला वाटतं मी दम देतोय.

झालं काय, तर मिक्सर नवा कोरा. खोक्यावर ही एवढाली अक्षरं, 'झाकण काढा, पातं थांबणारच!' मी झाकण काढलं, पातं थांबलं, तळाशी अडकलेलं सुटं करायला बोटं घातली आणि... फिरलं की परत! आपलं आपण! बटणाला कुणी शिवलं नाही! रक्त भिंतीपर्यंत. आणि आईचं पहिलं वाक्य काय? 'तरी सांगत होते, कॉलेज सोडू नकोस.' अगं, कॉलेजचा आणि पात्याचा संबंध काय? 'कॉलेजात असतास तर या वेळेला घरात असतास का?' घ्या! म्हणजे चूक कुणाची? माझी!

तुम्हाला सांगतो, मी मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसतो. बसत होतो. मुंगीएवढे स्क्रू, ते काय कोपरानं उचलू? डॉक्टर म्हणाले, आतली नस तुटलीय, ऑपरेशन लवकर करा, उशीर केलात तर बोटं जन्मभर अशीच. मग ऑपरेशनचा खर्च कंपनीनं द्यायचा की नाही? गेलो वकीलबाईंकडे. बाई कडक. चष्म्यावरून बघत म्हणाल्या, 'हे बघ, सगळी केस त्या मिक्सरवर उभी आहे. कंपनीचा माणूस तपासायला येईल. तोपर्यंत आहे तसा ठेवायचा. पुसायचासुद्धा नाही. कळलं?' मला कळलं हो! मी तो पिशवीत बांधला, कपाटावर चढवला, डाव्या हातानं वेडंवाकडं लिहून वर चिकटवलं, 'हात लावू नये.'

आता आमचे बाबा. सगळा जन्म कारखान्यात मोटारी खोलण्यात गेला. निवृत्त झाले तरी पाना-पेचकस उशाशी. त्या माणसाच्या घरात बिघडलेली वस्तू, आणि वर 'हात लावू नये'? अहो, मांजराला दुधाच्या कपाटाची किल्ली दिली मी!

कंपनीचे साहेब तपासायला यायच्या दिवशी सकाळी ड्रेसिंग करून परत येतो, तर ओट्यावर मिक्सर. चकाचक! भांग पाडून घ्या त्यात बघून! 'आई, हे कुणी...?' 'मीच घासला. परका माणूस येणार, त्याच्यापुढे रक्तानं माखलेला ठेवू? काय म्हणेल, या घरात बाई आहे की नाही?' आई, ते रक्त माझं होतं! 'तुझं असलं म्हणून काय जपून ठेवायचं?'

बरं, म्हटलं, रक्त गेलं, बिघाड तर आहे ना आत? तेवढ्यात बाबा पेपराआडून, 'झाकणाखालचा खटका चिकटत होता रे, सुटला तरी परत आपोआप लागायचा. बदलला मी. जुन्या वॉशिंग मशीनचा पडून होता, चपखल बसला.' मी म्हटलं, 'आणि काढलेला कुठाय?' 'टाकला. चिकटणारा खटका काय कपाळावर लावायचाय?' 'कुठे टाकला, बाबा?' 'आत्ताच गेली की कचऱ्याची गाडी.'

मी खिडकीत. गाडी कोपऱ्यावर वळतेय. धावलो तर पोचेन... आणि जिन्यात बूट वाजले!

साहेब म्हणजे कडक इस्त्री आणि मऊ आवाज. असल्या माणसांची मला भीतीच वाटते. बसले. मिक्सर लावला, फिरला. झाकण काढलं, थांबला. लावलं, फिरला. काढलं, थांबला. दर वेळी माझा श्वास त्याच्याबरोबर थांबतोय! 'उत्तम चालतोय,' म्हणाले. मी ओरडलो, 'साहेब, तो दुरुस्त केलाय!' 'हो का? म्हणजे बाहेरच्या माणसानं उघडलाय? मग भरपाई बाद. आणि उघडला नसेल, तर दोषच नाही, तरी बाद.' आता बोला! मी बाबांकडे बघतोय. एकदा तरी गप्प बसा, हात जोडतो...

'बाहेरचा माणूस?' बाबा ताडकन उठले. 'कुणाला म्हणता? तुमच्या खटक्याची पट्टीच कच्ची आहे! वाफ धरली की चिकटणार, आज नाही तर उद्या!' आणि कागदावर काढून दाखवलं राव! साहेबांचं पेन थांबलं. बाबांना घेऊन गॅलरीत गेले. दार ओढलं. मी आत, आई आत, दोघं काचेतून बघतोय... साहेब मान डोलावतायत, बाबा हातवारे करतायत. म्हटलं, आला साहेब ताळ्यावर! माझी बोटं वाचली!

बाबा आत आले, डोळ्यांत पाणी. म्हणाले, 'सर्व्हिस सेंटरला बोलावलंय मला. असे पुष्कळ मिक्सर परत आलेत, खटका बदलणारा जाणता माणूस नाही त्यांच्याकडे.' मी उडालोच, 'पुष्कळ? साहेब, म्हणजे दोष कबूल!' साहेब बुटाची नाडी बांधत, 'मी कुठे काय बोललो?'

'आणि माझी केस, बाबा?' तर आमच्या तीर्थरूपांनी काय म्हणावं? 'बाप तिथे कामाला आणि पोरगा कोर्टात? शोभतं का? ऑपरेशन करू की माझ्या पगारातून.' पगार साठेपर्यंत नस थांबते का हो? नाही थांबली. डॉक्टर म्हणाले, 'आधी का नाही आलात?' म्हणजे इथंही चूक कुणाची? माझी!

बाबा आता कंपनीचा शर्ट घालून तरातरा जातात. आई जिन्यात भेटेल त्याला सांगते, 'हा मिक्सर फार लाभला हो आम्हाला!' आणि मी शेजारी उभा राहून मान हलवतो. काय करणार? हलण्यासारखं तेवढंच उरलंय.